आधी उंदीर पडतात : प्राण्यांकडून येणाऱ्या रोगांचा शोध

प्लेगच्या मोठ्या साथी ज्यांनी पाहिल्या, ती पिढी आज हयात नाही. पण तिच्या तोंडचा एक शब्दप्रयोग आपल्या भागातील जुन्या घरांत अजून ऐकू येतो. ‘उंदीर पडले,’ असे ती माणसे म्हणत. आढ्यावरून, कौलांच्या फटींतून, धान्याच्या कणगीमागून उंदीर झिंगल्यासारखे बाहेर येत आणि दिवसाउजेडी, माणसांच्या देखत मरून पडत. असा उंदीर घरात पडला की जाणती माणसे भांडीकुंडी, धान्य आणि लेकरे घेऊन गावाबाहेर माळावर किंवा शेतात जात, कडब्याच्या झोपड्या उभारून राहत आणि साथ ओसरेपर्यंत घराचा उंबरा ओलांडत नसत. जीवाणू म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. उंदीर आधी मरतात आणि माणसे नंतर, एवढा क्रम त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

हा क्रम केवळ प्लेगपुरता नाही. मनुष्याला होणाऱ्या ज्ञात संसर्गजन्य रोगांपैकी सुमारे ६० टक्के रोग मूळचे प्राण्यांमधील आहेत, आणि अलीकडच्या काळात नव्याने उद्भवलेल्या रोगांमध्ये हे प्रमाण सुमारे ७५ टक्के मानले जाते. अशा रोगांना प्राणिजन्य रोग म्हणतात. रोगजंतू एखाद्या प्राण्याच्या शरीरात पिढ्यान्‌पिढ्या राहतो. कधी त्या प्राण्याला काही होत नाही, कधी तोही मरतो. मग चाव्यातून, दुधातून, रक्ताच्या स्पर्शातून, श्वासावाटे किंवा पिसू, गोचीड, डास यांच्या दंशातून तो माणसापर्यंत पोहोचतो. यांपैकी कित्येक रोगांत माणूस आजारी पडण्याच्या आधी प्राणी मरू लागतात. म्हणजे सूचना मिळालेली असते. ती सर्वांत आधी कोणाला मिळते आणि पुढे ती जाते कोठे, हा प्रश्न मला रोगजंतूंच्या नावांहून महत्त्वाचा वाटतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस या गोव्यातील हडफडे गावच्या डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे रुग्ण तपासले आणि हा प्लेग असल्याचे निदान केले. मांडवी हा बंदरालगतचा, धान्याच्या गोदामांचा भाग. तेथे उंदीर मरत होते. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे अलेक्झांड्र येर्सँ यांनी प्लेगचा जीवाणू शोधला होता आणि मेलेल्या उंदरांतही तोच जीवाणू सापडल्याचे नोंदवले होते. तरीही मुंबईत आणि नंतर पुण्यात सरकारी यंत्रणेचा सारा भर राहिला तो घाण, दमट हवा आणि माणसे यांवर. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अमलात आला. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरात शिरून रुग्ण शोधले, सामान रस्त्यावर काढले, काही ठिकाणी जाळले, कार्बोलिक द्रवाने जमिनी धुऊन काढल्या. त्या जुलुमातून उसळलेला संताप आणि २२ जून १८९७ चा रँडसाहेबाचा वध आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो. पुस्तकात सहसा येत नाही ती बाब अशी की, या खटाटोपाचा प्लेगवर फारसा परिणाम झाला नाही. माणसाला छावणीत नेले, तरी उंदीर घरातच राहिला. जमीन धुतली तेव्हा तो शेजारच्या घरात गेला, आणि प्लेगही त्याच्याबरोबर गेला.

याच साथीत पुण्याजवळ हडपसरच्या माळावर सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी रुग्णांसाठी दवाखाना चालवला. रुग्णांची सेवा करीत असतानाच सावित्रीबाईंना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. प्लेग माणसाकडे नेमका कसा येतो, हे त्या दिवशी जगात कोणालाही निश्चितपणे ठाऊक नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या निर्णयाचे वजन कळते.

ते कोडे सोडविण्याचे काम पुढील दहा वर्षे चालले आणि त्याचा बराच भाग महाराष्ट्राच्या भूमीवर घडला. वाल्डेमार हाफकीन हे शास्त्रज्ञ ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. आज तिलाच आपण हाफकिन संस्था म्हणतो. लस उपयोगी होती, पण रोगाचा मार्ग अद्याप अंधारात होता.

तो मार्ग पाहिला पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी. मुंबई प्रांतात हिंडताना त्यांनी एक घटना नोंदवली. लोकरीच्या एका कारखान्यात सकाळी कामगार आले, तो जमिनीवर पुष्कळ उंदीर मरून पडलेले. वीस मजुरांना ते उंदीर उचलून जमीन साफ करण्यास सांगण्यात आले. तीन दिवसांच्या आत त्यांपैकी दहा जणांना प्लेग झाला. कारखान्यातील इतर कामगारांपैकी कोणीही आजारी पडले नाही. सिमाँ यांनी असेही पाहिले की, काही रुग्णांच्या कातडीवर पिसू चावल्यासारखा बारीक फोड असतो आणि त्यात प्लेगचे जीवाणू सापडतात. शिवाय नुकताच मेलेला उंदीर धोक्याचा असतो, तर मरून बराच वेळ झालेल्या उंदराला हात लावला तरी बहुधा काही होत नाही. याचा अर्थ त्यांनी लावला. उंदराचे शरीर गार पडू लागले की पिसवा ते सोडतात आणि जवळचे दुसरे उबदार शरीर शोधतात. त्या कारखान्यात ती उबदार शरीरे सफाईला लावलेल्या मजुरांची होती.

जून १८९८ मध्ये कराचीत सिमाँ यांनी प्रयोग केला. पिसवा अंगावर असलेला प्लेगग्रस्त उंदीर एका मोठ्या काचपात्रात ठेवला आणि त्याच्याशी थेट संपर्क होणार नाही अशा रीतीने जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर ठेवला. काही दिवसांत निरोगी उंदीरही प्लेगने मेला. हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, परंतु पंडितांनी तो मानला नाही. पिसूसारख्या क्षुद्र कीटकावर एवढ्या महामारीचे खापर फोडणे त्यांना हास्यास्पद वाटले. सरकारी प्लेग आयोगानेही या मताला थारा दिला नाही.

परळच्या प्रयोगशाळेतील डब्ल्यू. ग्लेन लिस्टन यांनी हे सूत्र पुन्हा हाती धरले. मुंबईच्या राणीच्या बागेत काही गिनिपिग प्लेगने मेले, तेव्हा त्यांच्या अंगावर लिस्टन यांना उंदरांवरच्या पिसवा आढळल्या. त्यांनी मग गिनिपिगांचाच सापळा केला. प्लेग झालेल्या घरात गिनिपिग मोकळे सोडायचे आणि त्यांच्या अंगावर किती व कोणत्या पिसवा येतात, ते मोजायचे. १९०५ पासून नव्या प्लेग संशोधन आयोगाने हे काम शिस्तीने पुढे नेले. प्लेगग्रस्त घरात जमिनीपासून दोन इंचांवर ठेवलेल्या पिंजऱ्यांतील प्राण्यांना प्लेग झाला. दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यांतील प्राण्यांना झाला नाही. हवा दोन्ही पिंजऱ्यांभोवती तीच होती. फरक होता तो पिसूच्या उडीचा, आणि पिसू इतकी उंच उडत नाही. पुढे १९१४ मध्ये असेही उलगडले की, जीवाणूंच्या गुठळीने पिसूचे जठराकडे जाणारे तोंड बुजते, भुकेने ती वारंवार चावते आणि रक्त आत जाण्याऐवजी जीवाणूंसह चाव्यात परत येते.

एवढा शोध लागेपर्यंत आणि त्यानंतरही भारतात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे नेली. गिरण्यांचे आणि रेल्वेचे गाव असलेले सोलापूरही त्यातून सुटले नाही. उंदीर पडल्यावर माळावर जाणारी आपली पूर्वजमंडळी अडाणी आणि घाबरट असल्याचे शेरे त्या काळच्या अंमलदारांनी मारले असतील. पण आयोगाच्या प्रयोगांनी कौल दिला तो त्या मंडळींच्या बाजूने. ती उंदरांपासून आणि पिसवांपासून दूर जात होती. नंतरच्या वर्षांत सरकारनेच गाव रिकामे करण्याचा सल्ला देण्यास प्रारंभ केला.

आता आपल्या अगदी शेजारची, अनेक पालकांच्या स्मरणातील घटना. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे दगावली, आणि सोलापुरातही लोक घराबाहेर धावले. बीड जिल्ह्यातील मामला हे गाव उद्ध्वस्त झाले नव्हते, पण धक्क्यांच्या भीतीने तेथील लोक दगडमातीची घरे सोडून तात्पुरत्या निवाऱ्यांत राहू लागले. घरांत धान्य तसेच राहिले. माणूस नाही, मांजर नाही, धान्य मुबलक. उंदरांची संख्या वाढली. ऑगस्ट १९९४ मध्ये गावात उंदीर पडू लागले आणि लोकांनी पिसवांच्या उपद्रवाची तक्रार केली. त्यानंतर काही आठवड्यांनी जांघेत आणि काखेत गाठी व ताप असलेले रुग्ण दिसू लागले. भारतात १९६६ नंतर माणसांतील प्लेगची नोंद नव्हती. प्लेग ही पाठ्यपुस्तकातील जुनी गोष्ट समजणाऱ्या डॉक्टरांच्या एका पिढीपुढे तो प्रत्यक्ष उभा राहिला.

सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. हा प्रकार पिसूवर अवलंबून नसतो. खोकल्याच्या तुषारांतून तो माणसाकडून माणसाकडे जातो आणि वेळीच उपचार न झाल्यास प्राण घेतो. लाखो लोक रेल्वेने, बसने, मिळेल त्या वाहनाने सुरत सोडून गेले. टेट्रासायक्लीनच्या गोळ्या बाजारातून नाहीशा झाल्या. अनेक देशांनी भारताची विमाने थांबविली, आणि मृत्यू पन्नासच्या आसपास असूनही देशाचे आर्थिक नुकसान प्रचंड झाले. हा प्लेग होता की दुसरेच काही, यावर त्या वेळी कडाक्याचा वाद झाला. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्लेगच असल्याचा निर्वाळा दिला आणि नंतरच्या जनुकीय तपासण्यांनीही तेच दाखविले. मामल्यातील उंदीर ऑगस्टमध्ये पडले आणि देश जागा झाला सप्टेंबरच्या अखेरीस. साथरोग संशोधनातील अभ्यासक ज्या काळाला फार मोलाचा मानतात, तो हाच मधला काळ.

या काळाचा चांगला उपयोग झाल्याचे उदाहरणही आहे, आणि त्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले; १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. मार्च १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासानूर जंगलात माकडे मरत आहेत आणि आसपासच्या गावांत तीव्र तापाचे रुग्ण आहेत, असे वृत्त आले. आफ्रिकेतील पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी शंका शास्त्रज्ञांना आली, कारण त्या रोगातही माकडे मरतात. पुण्याचे पथक जंगलात गेले. मेलेल्या माकडांतून आणि रुग्णांच्या रक्तातून त्यांनी विषाणू वेगळा केला. तो पीतज्वराचा नव्हता. जगाला अज्ञात असा नवाच विषाणू होता आणि गोचिडींमार्फत पसरत होता. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी खाली पालापाचोळ्यात उतरतात, आणि लाकूडफाटा वेचणारा, गुरे चारणारा माणूस तेथून जाताना त्यांच्या तावडीत सापडतो. प्लेगचा उंदीर आणि त्याची पिसू यांच्याशी असलेले साम्य वाचकांच्या लक्षात आले असेल. २०१६ च्या सुमारास हा रोग सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग, बांदा या भागांत आला. काजूच्या बागांत काम करणारी माणसे आजारी पडली. लोकांनी त्याला ‘माकडताप’ असे नेमके नाव दिले. त्या भागात आता मेलेले माकड दिसले की कळवायचे, त्याच्याजवळ जायचे नाही, आणि यंत्रणेने त्या जागेभोवती कीटकनाशक टाकायचे, अशी पद्धत आहे.

याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मार्च २०२० मध्ये महाबळेश्वर येथील एका गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले आणि त्यांत निपाह विषाणूच्या खुणा आढळल्या. महाराष्ट्रात निपाहचा एकही रुग्ण नसताना हे काम झाले. अशा बातमीने लोक घाबरतात, आणि वटवाघळे मारून टाका, अशी हाकाटी सुरू होते. ते मूर्खपणाचे ठरेल. वटवाघळे कीटक खातात, परागीभवन करतात. त्यांच्या गुहेत धूर केल्यास ती विखुरतात आणि माणसांशी त्यांचा संपर्क उलट वाढतो.

मार्च २०२५ मध्ये ही गोष्ट आपल्या दारात आली. सोलापूर शहरात सिद्धेश्वर तलाव आणि किल्ला बागेच्या परिसरात कावळे, घारी, बगळे मरून पडू लागले. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे गेले आणि बर्ड फ्लूचे निदान झाले. तो परिसर काही दिवस नागरिकांना बंद करण्यात आला. भारतात या रोगाची पहिली नोंद महाराष्ट्रातच, फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाली होती. तेव्हा तेथील कोंबड्या मोठ्या संख्येने मारून पुराव्या लागल्या आणि कित्येक कुक्कुटपालकांचा धंदा बसला. बर्ड फ्लूचा विषाणू माणसाला सहजासहजी होत नाही. पण आजारी पक्ष्यांच्या निकट संपर्कात आलेल्या माणसांना तो झाला आहे, आणि २००३ पासून जगभर नोंद झालेल्या अशा रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे दगावले आहेत. तो माणसाकडून माणसाकडे सहज पसरण्याइतका बदलला तर काय होईल, या चिंतेने शास्त्रज्ञ प्रत्येक मेलेल्या कावळ्याची दखल घेतात.

येथे लोकरीच्या कारखान्यातील त्या वीस मजुरांकडे परत जाणे भाग आहे. तलावाकाठचा मेलेला कावळा कोण उचलते? गटारातील फुगलेला उंदीर, रस्त्यावर वाहनाखाली सापडलेले कुत्रे, उकिरड्यावर टाकलेले मेलेले वासरू? बहुतेक वेळा सफाई कामगार, पुष्कळदा कंत्राटी, आणि पुष्कळदा उघड्या हातांनी. रोग प्राण्याकडून माणसाकडे ज्या दारातून येतो, त्या दारात हा माणूस उभा असतो. त्याला कोणी उभे केले, याचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. गावगाड्यात मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम महार समाजावर लादलेले होते. कातडे सोलणे आणि कमावणे हे ढोर व चर्मकार समाजांकडे होते. दारिद्र्यामुळे मेलेल्या जनावराचे मांस खाणेही नशिबी आले होते.

या कामातील रोगाचा धोका आज पशुवैद्यकशास्त्र स्पष्ट शब्दांत सांगते. जनावर अकस्मात मेले, नाकातोंडातून काळपट, न गोठणारे रक्त आले, तर काळपुळीचा संशय घ्यावा आणि ते शव मुळीच उघडू नये, असा पशुवैद्यकातील दंडक आहे. शव फाडले की काळपुळीच्या जीवाणूंना हवा लागते, त्यांचे टणक बीजाणू बनतात आणि ते मातीत अनेक दशके जिवंत राहतात. असे जनावर सोलणाऱ्याच्या हातावर काळ्या खपलीचा फोड येतो. मांस खाल्ल्यास किंवा बीजाणू श्वासात गेल्यास आजार त्याहून भयंकर होतो. म्हणजे ज्या शवाला आज पशुवैद्यक हातमोजे घालूनही सुरी लावणार नाही, ते ओढण्याची, सोलण्याची आणि खाण्याची पाळी एका समाजावर पिढ्यान्‌पिढ्या आणली गेली होती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस खाणे सोडा आणि गावकीची अशी हीन कामे टाका, असे आवाहन केले. त्यामागील विचार स्वाभिमानाचा आणि समतेचा होता. पण साथरोगाच्या दृष्टीने त्या आवाहनाकडे पाहिले, तर रोगाशी थेट गाठ पडणाऱ्या हजारो माणसांना त्या गाठीतून सोडविणारे तेवढे मोठे पाऊल या राज्यात क्वचितच उचलले गेले असेल. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात त्याची नोंद व्हावी, असे मला वाटते.

आजचा सफाई कामगार, कोंबड्यांच्या शेडमधील मजूर, माळावर मेंढरे घेऊन फिरणारा धनगर, शेण काढणारी बाई ही माणसे प्राण्यांतील बदल सर्वांआधी पाहतात. कोणती म्हैस गाभडली, कोणत्या मेंढ्या लंगडू लागल्या, उंदीर कधीपासून दिसेनासे झाले, हे त्यांना ठाऊक असते. परंतु हे ज्ञान प्रयोगशाळेपर्यंत जाण्याची वाट अरुंद आहे. आपल्याकडे माणसांचे आजार आरोग्य विभागाकडे, गुरांचे पशुसंवर्धन विभागाकडे आणि माकडा-वटवाघळांचे वन विभागाकडे आहेत. गाई गाभडल्याची नोंद एका कचेरीत राहते आणि त्याच वस्तीतील माणसांच्या रेंगाळणाऱ्या तापाची नोंद दुसऱ्या कचेरीत. दोन्ही कागद एकत्र ठेवले, तर ब्रुसेलोसिस हे नाव सुचेल. हा रोग कच्च्या दुधातून आणि गाभडलेल्या जनावराच्या झारेतून माणसाला होतो, महिनोन्‌महिने चढउतार होणारा ताप आणि सांधेदुखी देतो आणि पुष्कळदा मलेरिया किंवा विषमज्वर समजून त्यावर भलतेच उपचार होतात. माणूस, प्राणी आणि परिसर यांचे आरोग्य एकत्र पाहावे, या विचाराला आता जगभर ‘वन हेल्थ’ म्हणतात. नागपूर येथे राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली. इमारती उभ्या राहतीलच. पण तालुक्याच्या ठिकाणी पशुवैद्यक आणि आरोग्य अधिकारी महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसले, तरी पुष्कळ साधेल.

निवासी शाळेच्या दृष्टीने काही गोष्टी सांगणे आवश्यक आहे, कारण येथे शेकडो मुले एका छपराखाली झोपतात आणि एका कोठीतील धान्य खातात. धान्याची पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांच्या मांडणीवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून ठेवावीत. दारांच्या फटी बुजवाव्यात. कोठीत उंदीर वाढल्यास सापळे लावावेत. पण उंदीर आपोआप मरून पडू लागले, तर नुसते झाडून टाकू नयेत. ती बाब आरोग्य केंद्रास कळवावी. दूध उकळूनच द्यावे. मेलेला पक्षी वा प्राणी मुलांनी हाताळू नये. उचलणे भागच असेल, तर हातमोजे आणि तोंडावर आच्छादन हवे, आणि ते काम करणाऱ्यास ही साधने देणे ही संस्थेची जबाबदारी आहे, त्याच्या मर्जीची बाब नव्हे.

सर्वांत निकटचा धोका मात्र कुत्र्याचा आहे. रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो, आणि त्याआधी लस घेतल्यास तो जवळजवळ निश्चितपणे टळतो. इतका स्पष्ट हिशेब असलेला दुसरा रोग नाही. चावा किंवा ओरखडा झाल्यास ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही लावू नये. नंतर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. तेथे लस विनामूल्य मिळते. कातडीत देण्याच्या पद्धतीने ती पहिल्या दिवशी आणि त्यानंतर ३ऱ्या, ७व्या व २८व्या दिवशी घ्यावी लागते, आणि जखम खोल असल्यास जखमेभोवती तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते. मुले बहुधा मार बसेल या भीतीने चावा लपवतात. कुत्रा चावल्याचे सांगणाऱ्या मुलाला शाळेत कोणीही रागावणार नाही, हे प्रत्येक सत्राच्या आरंभी सर्वांसमक्ष सांगितले पाहिजे.

प्राण्यांच्या आजारासंबंधी पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे. माणसांच्या आजारासाठी १०४. हे दोन्ही क्रमांक स्वयंपाकघराच्या, कोठीच्या आणि वसतिगृहाच्या दारांवर मोठ्या अक्षरांत लिहावेत. अधीक्षकांच्या नोंदवहीत एक पान यासाठी राखून ठेवावे, आणि त्यात लिहिण्याचा अधिकार सफाई करणाऱ्या मावशींना, स्वयंपाक्यांना आणि मुलांनाही असावा. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचे सांगणे मुलांनी लिहून घ्यावे. त्या पानावर पाच रकाने पुरेत : तारीख, जागा, प्राणी कोणता, किती मेले, आणि त्यांना कोणी हात लावला.